ची का चा

प्रकाशकहो, तुम्ही पुस्तकाचं नाव बदललंत आणि हात झटकून मोकळे झालात. चूक झाली होती, एवढं म्हणायची छाती तुमच्यात नव्हती. मग काय केलंत, तर रबर घेतलं आणि चूक झालीच नव्हती असं करून टाकलंत. वर त्याला संवेदनशीलता म्हणालात. पुण्यात पंख्याखाली बसून जुनं नाव खरवडलंत, नवं गुळगुळीत नाव चिकटवलंत, आणि ज्या बाईला ते जुनं नाव जन्मभर चिकटलं तिला एका शब्दानं विचारलं नाहीत. ती मेली असेल असं वाटलं होतं काय? मेली नाही. उत्रोलीत आहे. भात गिरणीच्या पायरीवर बसते आणि तुमच्या उत्तराची वाट बघते.

तिचं नाव सुलक्षणा. बापानं हौसेनं ठेवलेलं. लोकांनी मात्र तिला त्या नावानं फारसं कधी बोलावलं नाही.

सतराव्या वर्षी तिला विंझरला दिली. नवरा सोमेश्वर, कष्टाळू गडी, बोलायला कमी, हसायला जास्त. लागवडीच्या दिवसांत बांधावर त्याला फुरसं चावलं. वेल्ह्याला नेईपर्यंत शुद्ध होती, पुढं नव्हती. सासू ठकुबाईनं पोराची राख सावडली आणि सुनेला भोरच्या गाडीत घातलं, स्वतःही चढली. भोरच्या स्टँडवर माहेरची माणसं न्यायला आली होती. भर स्टँडात, शंभर माणसांसमोर ठकुबाई ओरडली, "न्या हिला! पांढऱ्या पायाची हाय. उंबरा वलांडला आन घर खाल्लं!"

पांढऱ्या पायाची. हा शब्द पुण्याच्या लोकांना समजावून सांगावा लागतो म्हणे आता. इकडं नाही लागत. जिचा पायगुण वाईट, जी आली की घरात कुणीतरी जातं, ती पांढऱ्या पायाची. चावलं फुरशानं, आणि नाव लागलं हिच्या पायांना.

त्या वेळी स्टँडच्या बुकिंगच्या खिडकीत आनंदराव बसले होते. एस्टीत कारकून, पण हाताला लिहायची खाज. रहस्यकथा लिहायचे. खून, फौजदार, टॉर्च, पाऊलखुणा. पुण्याची एक संस्था छापायची आणि ती पुस्तकं एस्टी स्टँडवरच दोरीला टांगून विकली जायची. त्या दिवशी खिडकीच्या जाळीतून त्यांनी ती मान खाली घातलेली पोरगी बघितली, आणि तो शब्द ऐकला.

सुलक्षणा माहेरी, उत्रोलीला आली आणि भावाच्या भात गिरणीत कामाला लागली. भात सडायचं, शेजारच्या चक्कीत तांदळाचं पीठ काढायचं. संध्याकाळपर्यंत घोट्यापर्यंत पाय पिठानं पांढरे व्हायचे. भाऊ एकदा हसत म्हणाला, "आक्का, आता खरंच झालीस की गं." ती हसली नाही. तेव्हापासून बाहेर पडायच्या आधी हौदावर पाय घासून धुवायची. थंडीतसुद्धा.

वर्षभरानं स्टँडवर नवं पुस्तक टांगलं गेलं. वर लाल अक्षरात नाव, 'पांढऱ्या पायाची'. खाली पांढऱ्या साडीतली बाई, केस मोकळे, डोळे असे की शेजारी उभं राहू नये.

आता भोर केवढं, उत्रोली केवढी! पुस्तक उघडून वाचणारे दहा असतील, पण नाव वाचणारे सगळे. गाडीची वाट बघणारा प्रत्येक माणूस ते नाव वाचायचा. आणि स्टँडात ठकुबाई कुणाला बोलली, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणायचा, "बसा, पुस्तकवाल्या बाई, मागं बसा, पुढं ड्रायव्हर हाय!" सगळी गाडी हसायची. हळदीला बोलावणं येईना. बारशाला आलं, तर "जेवायच्या टायमाला या" असं यायचं.

एक गोष्ट मात्र जुळत आली होती. शिवऱ्याचा एक विधुर, टेम्पो चालवायचा. गिरणीतून तांदळाची पोती न्यायला यायचा. त्यानं स्वतःच भावाला विचारलं. सुलक्षणानं नाही म्हटलं नाही, ह्यातच सगळं आलं. बोलणी ठरवायला तो बहिणीला घेऊन निघाला. भोरच्या स्टँडवर उतरून ती बहीण पुस्तकाच्या दोरीपाशी थबकली. "दादा, हीच का ती?" म्हणाली. दोघं तिथूनच परत गेले. टेम्पो नंतर दुसऱ्या गिरणीला जायला लागला.

त्यानंतर आनंदराव भात सडायला आले तेव्हा सुलक्षणानं पोतं उचललंसुद्धा नाही.

"तुमीच का ते?"

"मीच," आनंदराव म्हणाले. हातात पुस्तक होतं, कागदात गुंडाळलेलं. "पोरी, तू वाचलंस का?"

"नाव वाचलं."

"नाव नको वाचू. शेवटचं पान वाच. एवढं एकच पान."

"म्या कशापायी वाचू? वाचायचं त्यांनी वाचलं, आन गेले." तिनं तुसाच्या ढिगाकडं बोट केलं. "टाका त्यात. भट्टीला बरं जळंल."

आनंदरावांनी टाकलं नाही. घेऊन गेले. पण दरवर्षी सुगी झाली की आंबेमोहराचं पोतं घेऊन त्याच गिरणीत यायचे, भोरमध्ये दोन गिरण्या असताना. दरवर्षी विचारायचे, "शेवटचं पान?" ती म्हणायची, "न्हाई." पुढं पुढं त्यांनी विचारायचं सोडलं. नुसतं भात सडून न्यायचे, जाताना एकदा तिच्याकडं बघायचे. मग एका वर्षी पोतं घेऊन त्यांचा मुलगा धनाजी आला. तिनं काही विचारलं नाही. मुलानं डोक्यावरचे केस काढले होते, त्यावरून कळलं.

मधल्या काळात पुस्तकाचंही नशीब फिरलं होतं. पुण्यातल्या कुठल्याशा महिला मंडळानं त्या नावावरून मोर्चा काढला. बरोबरच होतं त्यांचं. मग तुम्ही नाव बदललंत. काय ठेवलंत, तर 'अवदसा'! म्हणजे आगीतून काढून फुफाट्यात. मोर्चावाल्या घरी गेल्या, पुस्तक पुन्हा दोरीला लटकलं. फरक एवढाच, की कंडक्टरला हाक मारायला दुसरा शब्द मिळाला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, तुम्हाला 'अवदसा'सुद्धा टोचायला लागलं.

गेल्या माघात धनाजी स्कूटरवरून उत्रोलीला आला. हातात निमंत्रणपत्रिका आणि एक नवं कोरं पुस्तक. गुळगुळीत कव्हर, त्यावर गिरणीचं चाक आणि धुकं. बाई नाही.

"मावशी, बाबांचं पुस्तक पुन्हा आलंय. भोरलाच प्रकाशन आहे रविवारी. पुण्याहून माणसं येणार." तो जरा घुटमळला. "नाव बदललंय. पार बदललंय. तुम्ही यावं असं वाटलं."

सुलक्षणानं पुस्तक हातात घेतलं. सातवी झालेली, वाचायला येत होतं. "गिरणीतलं गूढ," तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "म्हंजी आता मी न्हाई ह्यात?"

"नाही. तो शब्दच काढून टाकलाय. आतूनसुद्धा."

तिला हलकं वाटायला हवं होतं. पाठीवरचं पोतं उतरल्यावर वाटतं तसं. वाटलं नाही. तो गेल्यावर ती पुस्तक घेऊन पायरीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक वाचायला लागली.

गोष्ट सोपी होती. गावातल्या जमीनदाराचा रात्री खून होतो. त्याची म्हातारी आई माळ्याखाली वाकळेवर पडलेली. माळा एवढा खाली, की तिला आलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात. म्हातारी फौजदाराला सांगते, 'कुणीतरी दुर्दैवी स्त्री आली होती.' गाव एका विधवेवर तुटून पडतं. तिला मारतात, वाळीत टाकतात. शेवटी फौजदार अचानक उठतो आणि गिरणीवाल्याला बेड्या ठोकतो. का ठोकतो, काही कळत नाही. विधवेचं पुढं काय होतं, तेही कळत नाही.

तिनं दोनदा वाचलं. मग भाची साधनाला बोलावलं. साधना भावाची मुलगी, भोरच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते, तोंडानं फटकळ. एका बैठकीत वाचून तिनं पुस्तक मिटलं.

"आत्या, फौजदाराला सपान पडलं असंल."

"मला वाटलं मलाच कळंना झालंय."

"तुला काय, कुणालाच कळायचं न्हाई. आन नाव बघ की! गिरणीतलं गूढ. आरं, खुनी गिरणीवाला, आन नावातच गिरणी! कव्हर बघितलं की पुस्तक संपलं." साधना हसायला लागली. मग थांबली. "पर आत्या, पाय दिसले फक्त, असं लिहिलंय. पायावरनं 'दुर्दैवी' कसं कळलं म्हातारीला?"

सुलक्षणानं पुस्तक ओढून घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी ती भोरला धनाजीच्या घरी गेली. "जुनं हाय का? तुझ्या बापानं गिरणीत आणलेलं?"

धनाजीनं कपाटाच्या वरून काढून दिलं. अजून त्याच कागदात होतं. तुसाच्या ढिगाशेजारी तिच्यापुढं धरलेलं. लाल अक्षरं, मोकळे केस, ते डोळे. तिनं कव्हर खाली करून पुस्तक मांडीवर ठेवलं आणि आधी शेवटचं पान काढलं.

जुन्या पुस्तकात फौजदार शेवटी म्हातारीकडं परत जातो. म्हणतो, आजी, त्या रात्रीचं पुन्हा सांगा, तेच शब्द सांगा. म्हातारी सांगते, "कोण तरी पांढऱ्या पायाचं आलतं."

फौजदार दचकतो. "आजी, पायाची ना?"

"पायाची कुठं म्हनाले म्या? पायाचं म्हनाले. अंधारात बाई का बाप्या, मला काय ठावं? पाय दिसले, ते पांढरे हुते. पीठ लागल्यावानी. तू आयकलं पायाची, आन गावानं बी तेच आयकलं. त्यास्नी तेच आयकायचं हुतं."

फौजदार खिशातून म्हातारीचा जुना जबाब काढतो. तिथं त्याच्याच हातानं लिहिलेलं, 'पांढऱ्या पायाची'. तो 'ची' खोडतो, वर 'चा' लिहितो, आणि गिरणीवाल्याच्या दारात जाऊन उभा राहतो. त्यानंतर दोनच ओळी. 'एक गुन्हा गिरणीवाल्यानं केला होता. दुसरा माझ्या लेखणीनं. वाचकहो, आता पुस्तक मिटा आणि कव्हरावरचं नाव तुम्हीही खोडा.'

धनाजीची बायको चहा घेऊन आली तेव्हा सुलक्षणा पुस्तक मिटून कव्हराकडं बघत होती. चहावर साय धरली तरी तिनं हात लावला नाही.

सगळं पुस्तक तिला सोडवण्यासाठी लिहिलं होतं त्या माणसानं. पण सुटका ठेवली पोटात आणि शिक्षा लावली पाटीवर. डोकं चालवलं खरं, पण दोरीला टांगलेलं पुस्तक कोण शेवटपर्यंत वाचतं, एवढं स्टँडवर नोकरी करून त्याला कळलं नाही. आणि तिला त्यानं विचारलं नाही, हे तर होतंच. त्याची चूक ती माफ करणार नव्हती. पण एक पान. एवढं एकच पान वाच म्हणत तो माणूस इतकी वर्षं भाताचं पोतं घेऊन येत राहिला, आणि ती "न्हाई" म्हणत राहिली. एकदा जरी हात पुढं केला असता. शिवऱ्याच्या त्या बहिणीपुढं पान उघडून धरलं असतं. कंडक्टरच्या तोंडावर मारलं असतं.

"दाखवलं असतं तरी काय झालं असतं?" साधना संध्याकाळी म्हणाली. "लोकांनी नावच वाचलं असतं."

"वाचलं असतं," सुलक्षणा म्हणाली. "पर मला तर ठावं असतं. म्या एवढी वर्सं पाय का धुतले मग?"

 ह्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे?

रविवारी सभागृहात खुर्च्या निम्म्या भरल्या होत्या. पुष्पगुच्छ झाले, शाल झाली. पुण्याहून संपादक म्हणून प्रेरणा नावाची तरुण मुलगी आली होती. तुम्ही स्वतः आला नाहीत, तिला पाठवलंत. ती चांगली बोलली, हे कबूल करायला पाहिजे. जुन्या पुस्तकांमध्ये बायकांना किती हीन शब्द वापरलेत, ते नव्या पिढीच्या हातात जसेच्या तसे देणं बरोबर नाही, म्हणून मोठ्या विचारानं नाव आणि मजकूर बदलला. टाळ्या पडल्या. "कुणाला काही विचारायचंय?" असं तिनं विचारलं. असं विचारायचं असतं म्हणून विचारलं.

सुलक्षणा उठली. जुनं पुस्तक पदराखाली होतं.

"बाळ, तो शबुद तुला घाण वाटतो?"

प्रेरणा गोंधळली. "हो आजी. किळस येते मला."

"मलाबी येते. तुझ्यापरीस जास्त येते. माजंच नाव हाय ते."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एकजण वळून शेजाऱ्याला म्हणाला, "हीच ती, गिरणीतली." तो वयस्कर होता, म्हणजे त्यालाही स्टँडवरची दोरी आठवत होती.

सुलक्षणानं शेवटचं पान उघडलं आणि वाचलं. चष्मा नव्हता, पण पान पाठ झालं होतं. म्हातारीचं बोलणं तिनं म्हातारीसारखंच म्हटलं. "पायाची कुठं म्हनाले म्या?" म्हणताना मागच्या रांगेत कुणी हसलं, आणि लगेच गप्प झालं. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं.

"तुमी नवं पुस्तक काढलं. चांगलं केलं. नाव बदललं, तेबी चांगलं केलं. स्टँडवर पुन्हा ते टांगू नगा. पर शबुद काढताना तुमी त्याच्यासंगट हे पान बी काढलं. गावानं आळाची गाठ माझ्या पदराला मारली, ती ज्या पानानं सुटत हुती तेच तुमी कापून टाकलं. आता वाचणाऱ्याला कळायचंच न्हाई, की ती बाई निर्दोष कशी हुती. दुर्दैवी म्हनं! दुर्दैवी कशानं? मला काय दैवानं गांजलं? लोकांनी गांजलं. शबुद घेऊन गांजलं."

प्रेरणाच्या हातातला माईक खाली गेला. "आजी, हे... मी जुनं पुस्तक वाचलं नव्हतं," ती म्हणाली. "मला 'अवदसा'ची प्रत मिळाली होती. त्यात हे शेवटचं पान नव्हतं."

म्हणजे ते पान तुम्ही तेव्हाच गाळलं होतं. नाव बदललं की शेवट जुळेना, म्हणून गाळलं. आणि आता त्या गाळलेल्यावर नवं सारवण घातलंत.

"मग आता छापा," सुलक्षणा म्हणाली. "नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या. आत पहिल्या पानावर एवढंच लिवा, की ह्या पुस्तकाचं जुनं नाव अमुक हुतं, ते एका जित्या बाईला लावलेलं हुतं, आन ते खोटं हुतं. आन हे पान परत घाला. झालं. माझं दुसरं काय बी म्हणणं न्हाई."

धनाजी मान हलवत होता. साधना भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते तिला आवडलेलं नव्हतं.

प्रेरणा म्हणाली, "मला पटतंय. पण निर्णय वर होतो, आजी. तो शब्द छापायचाच नाही असं वरून ठरलंय. खोडूनसुद्धा नाही. मी विचारून कळवते."

"कवा?"

"लवकरच."

फोटो झाला. फोटोत सुलक्षणाला मधोमध उभं केलं. तिच्या चपला दारातून कुणीतरी नेल्या होत्या, ती अनवाणी होती. प्रेरणानं खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. सगळ्यांच्या देखत. इतक्या वर्षांत त्या पायांना कुणी हात लावला नव्हता. सुलक्षणा एक पाऊल मागं सरकली, सवयीनं.

माघ गेला. चैत गेला. वेल्हे तालुक्याचं राजगड झालं, पाट्या बदलल्या, आणि तरी विंझरची माणसं वेल्ह्यालाच जातात. नाव वरून बदलतं, तोंडातून बदलायला सांगावं लागतं, का बदललं ते. प्रेरणानं दोनदा फोन उचलला, दोन्ही वेळा म्हणाली, "वर दिलंय." तिसऱ्यांदा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि सांगितलं, त्या आता इथं नाहीत. पुस्तक चांगलं खपतंय म्हणे. मोबाईलवर ऐकायलासुद्धा मिळतं. साधनानं लावून दाखवलं. एका गोड आवाजातली बाई म्हणत होती, 'कुणीतरी दुर्दैवी स्त्री आली होती.'

"बंद कर," सुलक्षणा म्हणाली.

आता तिनं हौदावर पाय धुवायचं सोडून दिलंय. संध्याकाळी तशीच, घोट्यापर्यंत पिठाचे पाय घेऊन, रस्त्याकडंच्या पायरीवर बसते. येणाराजाणारा बघतो. काहीजण हसतात. भात घेऊन आलेली नवी सून विचारते, "आजी, पाय धुत न्हाई व्हय?" ती जुनं पुस्तक उघडून शेवटचं पान पुढं करते. वाचता येईल त्याला वाचायला लावते, न येईल त्याला वाचून दाखवते. एकेका माणसाला, एकेका पोत्यामागं. आनंदरावांनी मरेपर्यंत जे करायचा प्रयत्न केला तेच. उशिरा. तो असता तर तिनं त्याला शिव्याच दिल्या असत्या, पण पुस्तक हातातून घेतलं असतं.

पण गिरणीत माणसं किती येणार? तुमचं पुस्तक किती जाणार? तिची पायरी तुमच्या छापखान्याला कुठं पुरी पडणार आहे?

म्हणून साधनाच्या दुकानातून त्या पानाची झेरॉक्स तुमच्या पत्त्यावर गेली. पुन्हा गेली. प्रत्येक कागदावर जुन्या नावातलं शेवटचं अक्षर सुलक्षणानं स्वतःच्या हातानं खोडलेलं, आणि खाली तिचं खरं नाव, बापानं ठेवलेलं. पोच आली, उत्तर आलं नाही. दोन ओळी आणि एक पान छापायला सांगतेय ती, शाल मागत नाही.

तर मग बोला. गोलगोल नको, 'वर दिलंय' नको. म्हातारीनं जे पाहिलं ते तुमच्या पुस्तकात छापणार आहात की नाही? ती बाई तुमच्या लेखी कोण आहे, आणि गुन्हेगार कोण? पायरीवर बसून ती विचारतेय, ते तिच्याच शब्दांत ऐका.

"ची का चा? सांगा की! आता का दातखीळ बसली?"